पंधरा वर्षांचा पुरावा

बारावीचा निकाल लागला की मुळशी तालुक्याच्या पौडमधल्या तहसील कचेरीत अधिवास प्रमाणपत्रासाठी धावपळ सुरू होते. त्या एका कागदावर खूप काही अडलेलं असतं: वैद्यकीयच्या राज्य कोट्यातल्या 85 टक्के जागा, राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि 2024पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना मिळणारी शुल्कमाफी.

अट महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याची. हिंजवडीत परप्रांतातून आलेल्या संगणक अभियंत्याकडे नोंदणीकृत भाडेकरार असतात, वीजबिलं असतात. त्याची इमारत बांधणाऱ्या मजुराकडे काय असतं? साइट बदलली की पत्र्याची खोली बदलते, मुलांची शाळाही बदलते. माण, मारुंजीच्या शाळांत मराठीतून शिकलेली त्याची मुलगी या मातीतलीच आहे. मधल्या दोन वर्षांच्या वास्तव्याचा दाखला नाही म्हणून ती परकी ठरू नये.

स्थानिकांसाठी जागा राखण्याला आमचा विरोध नाही. धरणात जमिनी गेलेल्या मुळशीला तो हक्क कुणी समजावून सांगायला नको. पण नियम माणसाकडे पाहून वाकवता येतो, हे राज्याने दाखवलं आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना अभियांत्रिकी प्रवेशासाठी स्वतंत्र पात्रता दिली आहे, आणि ते योग्यच आहे.

मग पहिली ते दहावी इथल्या शाळांत शिकलेल्या मुलांची सलग शालेय नोंद हाच वास्तव्याचा पुरेसा पुरावा मानावा. दाखल्यांची शिबिरं नववीतच, शाळेच्या आवारात भरवावीत. जूनपर्यंत थांबलं तर फार उशीर होतो.