शेजारचा आवाज आणि आपली झोप

खडकीला आवाज नवा नाही. पुणे-मुंबई लोहमार्ग, जुना महामार्ग, १८६९ पासूनची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी आणि बाजाराची वर्दळ यांच्या संगतीतच हा भाग वाढला. इथला रहिवासी मालगाडी धडधडत गेली तरी कूस बदलून पुन्हा झोपतो. तोच माणूस शेजारच्या भाड्याच्या घरात रात्री साडेअकराला स्पीकर लागला की उठून बसतो आणि मग दोन वाजेपर्यंत त्याचा डोळा लागत नाही. मालगाडीचा आवाज कितीतरी मोठा असतो. मग त्रास स्पीकरचा जास्त का?

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत याचे एक उत्तर सापडते. १९७२ मध्ये ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. लोकांना मोठ्या, अवेळी येणाऱ्या आवाजात काम करायला बसवले. त्यांतल्या काहींना एक बटण दाखवले आणि सांगितले, ‘अगदीच असह्य झाले तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका.’ बहुतेकांनी ते दाबले नाही. म्हणजे आवाज सर्वांनी सारखाच ऐकला. तरीही नंतर दिलेल्या कामात बटण असलेल्यांच्या चुका कमी झाल्या आणि अवघड कोडी सोडवताना त्यांचा धीरही जास्त टिकला. आपण हा आवाज थांबवू शकतो, एवढ्या भरवशानेच ताण हलका झाला होता.

मालगाडी केव्हा येणार आणि किती वेळात जाणार, हे ठाऊक असते. शेजारची पार्टी कधी संपेल, हे कोणालाच ठाऊक नसते. शेजारी नुकतेच राहायला आलेले असतात, त्यांची नावे माहीत नसतात. घरमालक दुसरीकडे राहतो आणि त्याचा फोन नंबर जवळ नसतो. थोडक्यात, हाताशी बटण नसते.

हा केवळ चिडचिडीचा प्रश्न नाही. झोपेतही कान बंद होत नाहीत. आवाज आला की जाग न येताही हृदयाचे ठोके वाढतात, ताणाची संप्रेरके स्रवतात आणि गाढ झोप उथळ होते. रस्ते आणि विमानांच्या आवाजाजवळ वर्षानुवर्षे राहणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांचे प्रमाण जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. शेजाऱ्यांच्या आवाजावर त्या मानाने कमी काम झाले आहे. मात्र २००२-०३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने युरोपातील आठ शहरांत केलेल्या घरांच्या पाहणीत, शेजारच्या आवाजाचा तीव्र त्रास होणाऱ्यांमध्ये नैराश्यासारख्या तक्रारी अधिक आढळल्या. आवाजामुळेच नैराश्य आले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण हा त्रास हसण्यावारी नेण्याजोगा नाही, हे नक्की.

किती आवाज चालेल? जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार झोपण्याच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलच्या आत असावा आणि मध्येच येणारा आवाज ४५ च्या वर जाऊ नये. खिडकी थोडी उघडी असेल तर बाहेरचा आवाज आत येताना सुमारे १५ डेसिबलने घटतो. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. त्यातून १५ वजा केले तर बरोबर ३० उरतात. दिवसाची मर्यादा ५५ आहे. खासगी ध्वनियंत्रणेसाठी वेगळी तरतूद आहे: तिचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. म्हणजे निवासी भागात रात्री ५० डेसिबल ही शेवटची रेषा. ‘माझ्या घरात मी काहीही वाजवीन’ हे म्हणणे त्यामुळे नियमात बसत नाही.

मोजणीत एक अडचण मात्र आहे. हे आकडे ज्या मापाने घेतले जातात, ते माणसाच्या कानाप्रमाणे खालच्या सुरांना कमी वजन देते. ५० हर्ट्झच्या आसपासचा ‘धम धम’ ठेका त्यात सुमारे ३० डेसिबलने कमी भरतो. आणि भिंतीतून सर्वांत सहज पलीकडे जातो तो नेमका हाच ठेका. गाण्याचे शब्द विटांच्या भिंतीत अडकतात, ढोल आरपार येतो. म्हणून मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये आकडा फारसा दिसत नाही आणि शेजारच्या खोलीत पलंग मात्र थरथरतो. जाड पडद्यांचा किंवा कानातल्या बोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही. उपाय उगमापाशीच करावा लागतो: सामाईक भिंतीला टेकवलेला स्पीकर तिथून हलवणे, त्याखाली जाड रबर किंवा फोम घालणे, बेस कमी करणे, खुर्च्या-टेबलांच्या पायांना नमद्याचे तुकडे लावणे. हे शेजाऱ्याने करायचे आहे आणि त्यासाठी त्याच्याशी बोलणे भाग आहे.

बोलण्याची वेळही महत्त्वाची. रात्री बारा वाजता, संतापाच्या भरात दार ठोठावण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलेले बरे. ‘तुम्ही फार गोंगाट करता’ यापेक्षा ‘दहानंतर बेस कमी ठेवाल का, आमच्या बाबांना पहाटे पाचला उठायचे असते’ ही विनंती लवकर पोचते. फोन नंबर घ्यावा आणि द्यावाही. प्रयोगातले बटण ते हेच.

ते चालले नाही तर भाड्याच्या घरात तिसरा माणूस असतो, तो म्हणजे घरमालक. तारीख, वेळ आणि प्रकार यांची दोन-तीन आठवड्यांची नोंद त्याला लेखी द्यावी. आजकाल बहुतेक घरे ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर दिली जातात. शेजाऱ्यांना उपद्रव न देण्याची अट करारात असेल, तर मालकाच्या शब्दाला वजन येते. जुन्या भाडेकरूंच्या बाबतीत महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ नुसार शेजाऱ्यांना उपद्रव देणे हे घर परत मिळवण्याचे एक कारण आहे. खडकीत मात्र एक मेख आहे. छावणीच्या हद्दीत राज्याचे भाडेकायदे आपोआप लागू होत नाहीत. केंद्र सरकारने ते लागू करावे लागतात. घर कँटोन्मेंटच्या हद्दीत असेल तर या वाटेने जाण्याआधी वकिलाला विचारणे शहाणपणाचे.

पोलिसांचा ११२ क्रमांक ही पुढची पायरी. रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला तर कोणीही तक्रार करू शकतो. दिवसा मात्र आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबलने वाढलेला असावा लागतो. अनेक जण फोन करत नाहीत, कारण उद्या त्याच जिन्यात तोंडाला तोंड द्यायचे असते. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ध्वनिवर्धकांबाबतच्या एका निकालात तक्रारदाराची ओळख उघड न करण्याचे पोलिसांना बजावले, ते याच भीतीपोटी. निकाल प्रार्थनास्थळांवरील भोंग्यांच्या वादातला असला, तरी तक्रारदाराची भीती दोन्हीकडे सारखीच असते.

एका गटाला मात्र घड्याळावर आधारलेला नियम पुरेसा पडत नाही: पाळीने काम करणारे. रात्रपाळी करून आलेल्या कामगाराची रात्र सकाळी आठला सुरू होते. त्या वेळी कायद्याची मर्यादा ५५ आणि तक्रारीचा उंबरठा ६५ डेसिबल असतो. कारखान्यांच्या खडकीत अशी घरे कमी नाहीत. त्यांच्यासाठी कायद्याहून शेजारधर्मच कामाला येतो आणि तो नव्या भाडेकरूला आपोआप कळत नाही. सामान उतरत असतानाच ‘या घरात दिवसा झोपतात’ एवढे सांगून ठेवले, तर पुढची बरीच भांडणे टळतील.