मांजराचे पथ्य आणि घरातील माणसे

मांजर सतत मान व चेहरा खाजवते, पोटावरचे केस चाटून विरळ करते, वरचेवर ओकते किंवा त्याची विष्ठा घट्ट होत नाही, अशा तक्रारींवर पशुवैद्यक कधीकधी औषधाऐवजी आहाराची चिठ्ठी लिहून देतात. पाकीट महाग असते, मांजर ते हुंगून तोंड फिरवते आणि दुसऱ्याच आठवड्यात ‘काही गुण नाही’ असा घरात निकाल लागतो. वाचकहो, या घाईच्या निकालाची किंमत मांजराला मोजावी लागते. एक तर खाज दाबणारी स्टेरॉइडची इंजेक्शने वर्षानुवर्षे चालू राहतात, नाही तर कंटाळलेली माणसे त्याला मासळीबाजारात नेऊन सोडतात.

हा आहार आधी तपासणी असतो, उपचार नंतर. मांजराची अन्नाची ॲलर्जी खात्रीने सांगणारी रक्ताची चाचणी नाही. पिसवा आणि जंत यांचा बंदोबस्त झाला की एकच मार्ग उरतो: त्याच्या शरीराला ओळखीचे नसलेले प्रथिन काही काळ द्यायचे आणि लक्षणे ओसरतात का ते पाहायचे. त्यासाठी ससा किंवा बदक यांसारखे त्याने कधी न खाल्लेले मांस चालते, अथवा हायड्रोलाइज्ड प्रथिनांचे अन्न. यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराच्या पहारेकऱ्यांना ते सहसा ओळखू येत नाहीत. म्हणूनच अशा पाकिटावर ‘कोंबडी’ असे वाचून आपण फसलो असे समजू नये. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, अन्नाची ॲलर्जी सिद्ध झालेल्या मांजरांपैकी १८ टक्क्यांना गोमांस, १७ टक्क्यांना मासे आणि ५ टक्क्यांना कोंबडी बाधत असल्याचे दिसले. ज्या मासळीवर आपण मांजराचा जन्मसिद्ध हक्क मानतो, ती या यादीत इतकी वर आहे!

पोटाच्या तक्रारी बहुधा दोन ते चार आठवड्यांत निवळतात. त्वचा मात्र वेळ घेते. सहा आठवड्यांत सुमारे ८० टक्के आणि आठ आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक मांजरांना उतार पडतो, म्हणून खाजेसाठी आठ आठवड्यांची मुदत पाळावी.

या आठ आठवड्यांत खरी कसोटी लागते ती माणसांची. आजी ताटातला बोंबलाचा तुकडा हळूच खाली सरकवते, नातू बिस्किट चारतो, शेजारच्या काकू जिन्यात दुधाची बशी ठेवतात. यांतला प्रत्येक घास प्रयोग बिघडवू शकतो, कारण ॲलर्जीला तोळामासाही पुरतो. मांसाची चव दिलेल्या जंताच्या गोळ्यासुद्धा याच हिशेबात येतात. त्यांविषयी डॉक्टरांना आधीच विचारावे. घरात दुसरे मांजर असेल तर दोघांची भांडी वेगळ्या खोल्यांत ठेवावीत, आणि बाहेर हिंडणाऱ्याला शक्य तोवर घरातच ठेवावे. दुधाचे प्रकरण थोडे निराळे आहे. पुष्कळशा प्रौढ मांजरांना दुधातली साखर पचत नाही. तो जुलाब ॲलर्जीचा नव्हे, आणि बशी उचलली की पुष्कळदा तोही थांबतो.

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण मांजराला लावू नका. नवे अन्न खात नाही म्हणून त्याला उपाशी ठेवले, तर काही दिवसांतच यकृतात चरबी साचून जीवावर बेतू शकते; लठ्ठ मांजरांना हा धोका अधिक. जुन्या अन्नात नवे मिसळत सात ते दहा दिवसांत बदल करावा. आठ आठवडे त्यानंतर मोजावेत. पूर्ण एक दिवस तोंडात काही गेले नाही, तर डॉक्टरांना फोन करावा.

खर्च टाळण्यासाठी काही घरांतून दहीभात किंवा दूधपोळीचे ‘हलके’ पथ्य सुरू होते. ही काटकसर मला मान्य नाही. मांजर पक्के मांसाहारी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याला पुरेसे तयार करता येत नाही. ते मांसातून मिळावे लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिले, की टॉरिनच्या अभावी मांजराचे हृदय दुबळे होऊन पसरते. घरचेच अन्न द्यायचे असेल, तर पशुआहाराच्या जाणकाराकडून प्रमाण लिहून घ्यावे. तसेच शेजाऱ्याच्या मांजराचे मूत्रपिंडाचे पथ्य उरले आहे म्हणून आपल्या मांजराला घालू नये. ते वेगळ्या आजारासाठी असते.

आणि उतार पडल्यावर? डॉक्टर जुने अन्न पुन्हा द्यायला सांगतील. बरे वाटलेल्या जिवाला मुद्दाम त्रास द्यायला मन धजत नाही, हे खरे. पण खाज किंवा ओकारी काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत परतली, तरच दोष अन्नाचा होता असे ठरते. मग पुन्हा पथ्यावर आणून एकेक पदार्थ तपासता येतो. कदाचित फक्त मासेच बाधत असतील, आणि महागडे पाकीट कायमचे आणावे लागणारही नाही.