४२ दिवसांनंतर काय?

बाळंतीण सुखरूप घरी परतली की गर्भारपणातील रक्तदाबाचा विकार संपला, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. वैद्यकशास्त्र तिला दुजोरा देत नाही. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वा त्याहून वर चढणे आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागणे, ही या विकाराची परिचित लक्षणे. अल्ब्युमिन हे प्रथिन असे वाहून गेल्याने रक्तातील त्याचे प्रमाण घटते आणि अंगावरील सुजेला हातभार लागतो. वारेतून रक्तात अतिरिक्त मिसळणारी काही प्रथिने रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात, हेही या शतकातील संशोधनाने दाखविले. वार पडल्यावर त्यांचे प्रमाण झपाट्याने उतरते. धोका मात्र तेवढ्याने टळत नाही. अशा स्त्रियांना पुढील आयुष्यात हृदयविकाराची भीती इतरांच्या सुमारे दुप्पट असते, कायमच्या उच्च रक्तदाबाची त्याहूनही अधिक.

या ज्ञानाचा गोंदियातील स्त्रीला उपयोग किती? १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या धानाच्या जिल्ह्यात बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे. २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. दरमहा ९ तारखेला गर्भवतींची तपासणी करण्याची योजना त्याच वर्षी देशभर सुरू झाली. हे सारे स्वागतार्हच. परंतु आशा स्वयंसेविकेच्या बाळंतिणीसाठीच्या गृहभेटी ४२ व्या दिवशी संपतात. नंतरच्या भेटी असतात त्या बाळासाठी. रक्तदाब-मधुमेहाची सरकारी तपासणी सुरू होते ती वयाच्या तिशीपासून. मग सालेकसा वा देवरीच्या एखाद्या पाड्यावर बाविसाव्या वर्षी या विकारातून वाचलेल्या आईने मधली आठ वर्षे कोणाच्या भरवशावर काढायची? पुन्हा रोवणीच्या चिखलात उभी राहिलेली ही स्त्री, काही दुखत नाही म्हणून स्वतःहून दवाखान्याची पायरी चढणार नाही.

उपाय खर्चिक नाही. साडेतीन महिन्यांच्या लसीसाठी आई बाळाला घेऊन येतेच. त्याच दिवशी परिचारिकेने तिचा रक्तदाब मोजावा, लघवीतील प्रथिने तपासावीत आणि माता-बाल संरक्षण कार्डावर तशी ठळक नोंद करावी. तीन महिन्यांनंतरही प्रथिने जातच असतील तर मूत्रपिंडांची तपासणी अटळ मानावी. इतरांचा रक्तदाब दरवर्षी पाहावा. पुढच्या गर्भारपणी हीच नोंद डॉक्टरांना वेळीच सावध करील. यासाठी नवी इमारत नको, नवे खाते नको. आईची किंमत बाळंतपणापुरतीच नाही, एवढे मान्य करण्याची तयारी मात्र हवी. शासनाने ती दाखवावी आणि घरच्यांनीही.