हक्क ज्याचा, माफी त्याची

तरावीहची नमाज आटोपली तरी मशिदीबाहेरची तरुण पोरं लगेच घरी जात नाहीत. सहेरीला अजून बराच वेळ असतो. कुणी चहाच्या टपरीवर रेंगाळतो, कुणी कट्ट्यावर मोबाइल काढून बसतो, आणि ज्याच्याकडे प्लेस्टेशन आहे त्याच्या घरी चार-पाच जण जमतात. मोठी माणसं कुरकुरतात. रमजानच्या रात्री इबादतीसाठी असतात, गेमसाठी नाहीत, हे त्यांचं म्हणणं रास्तच आहे. पण या पोरांच्या गेममध्ये एका खलनायकाची गोष्ट आहे. ती मोठ्यांनीही ऐकावी अशी आहे.

‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ हा गेम २०१८ साली आला. गोष्ट न्यूयॉर्कमध्ये घडते. मार्टिन ली नावाचा गृहस्थ तिथे बेघरांसाठी निवारा चालवतो. पीटर पार्कर म्हणजे स्पायडर-मॅन. त्याची मे काकू त्याच निवाऱ्यात काम करते. सगळ्यांच्या लेखी ली देवमाणूस. पण त्याचं दुसरं रूप आहे, ‘मिस्टर निगेटिव्ह’. लहानपणी एका बड्या कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याच्यावर प्रयोग झाला. त्याच्या अंगात भलतीच शक्ती शिरली आणि तिच्या तडाख्यात त्याचे आईवडील गेले. त्या कंपनीचा मालक नॉर्मन ऑस्बोर्न पुढे शहराचा महापौर होतो. लीला त्याचा सूड घ्यायचा असतो. महापौरांच्या जाहीर सभेत तो स्फोट घडवून आणतो. ऑस्बोर्न वाचतो. मरतो तो जेफरसन डेव्हिस हा पोलीस अधिकारी. त्याच सभेत त्याच्या शौर्याचा सत्कार झालेला असतो, आणि त्याचा मुलगा माइल्स तिथेच हजर असतो.

लीचं दुःख खरं होतं, पण त्याची किंमत मोजली ती त्या दुःखाशी काडीचा संबंध नसलेल्या एका मुलानं.

२०२३ साली आलेल्या ‘स्पायडर-मॅन २’मध्ये हा माइल्स स्वतःच दुसरा स्पायडर-मॅन झालेला आहे. बापाचा मारेकरी त्याच्या डोक्यातून जात नाही. शेवटी दोघे समोरासमोर येतात. लीला संपवण्याची संधी माइल्सच्या हातात असते, तरी तो हात आवरतो. पुढे पीटरच्या शरीरात एका परग्रहावरच्या जिवाचा अंश उरतो आणि त्याचा जीव धोक्यात येतो. तेव्हा मदतीला येतो तो लीच. ज्या शक्तीनं त्यानं शहर हादरवलं, तीच वापरून तो माइल्सच्या जोडीनं पीटरला वाचवतो.

खेळातला दुष्ट सुधारला, यात नवल ते काय, असं कुणी म्हणेल. वाल्याचा वाल्मीकी झाल्याची गोष्ट तर इथलं प्रत्येक मूल ऐकतं. पण लीच्या गोष्टीत एक बाब नीट पाहण्यासारखी आहे. तो तुरुंगात बसून नुसता रडला असता, तर त्याची सुधारणा त्याच्यापुरती राहिली असती. तिला वजन आलं, कारण ज्याचं घर त्यानं उद्ध्वस्त केलं त्याच्यासमोर त्याला उभं राहावं लागलं आणि त्याच्याच कामी यावं लागलं.

तौबा म्हणजे पश्चात्ताप. रमजानचे मधले दहा दिवस मगफिरतीचे, म्हणजे क्षमेचे मानले जातात. या दिवसांत हात उंचावून क्षमा मागणाऱ्यांनी मशिदी भरून जातात. पण विद्वानांनी तौबेच्या अटी स्पष्ट सांगून ठेवल्या आहेत. पाप थांबवावं, त्याची मनापासून लाज वाटावी, पुन्हा न करण्याचा निश्चय असावा. आणि पाप माणसाविरुद्ध असेल, तर आणखी एक अट आहे. त्याचं जे घेतलं ते परत करावं, किंवा त्याच्याकडूनच माफी मिळवावी. चुकलेली नमाज अल्लाह आणि बंदा यांच्यातली गोष्ट आहे. दुसऱ्याच्या बुडवलेल्या पैशाचं तसं नाही.

हदीसमध्ये खऱ्या कंगालाचं वर्णन आहे. तो नमाज, रोजे, जकात असं सगळं घेऊन कयामतीच्या दिवशी येतो. पण त्यानं कुणाला शिवीगाळ केलेली असते, कुणाचा माल खाल्लेला असतो. त्याची पुण्याई त्या लोकांना वाटता वाटता संपून जाते.

या कंगालाचा पत्ता शोधायला लांब जावं लागत नाही. वडिलांच्या मालमत्तेत मुलीचा वाटा कुराणानं ठरवून दिला आहे. देशाच्या कायद्यानं हिंदू मुलींनाही वाटा दिला आहे. तरीही तलाठी कार्यालयाच्या वाटेवर हक्कसोडपत्र घेऊन निघालेले भाऊ सर्व धर्मांत सापडतात. ‘माहेर तुटेल’ या भीतीनं बहीण सही करते. मग तोच भाऊ तीस रोजे धरतो, इफ्तारला शंभर माणसं जेवू घालतो. ‘मुलाबाळांसाठीच केलं’ असं तो म्हणेलही. वाल्याही तेच म्हणत होता. घरच्यांनी पापात वाटेकरी व्हायला नकार दिला, तेव्हाच त्याचे डोळे उघडले.

आणि माफी मागण्याची तऱ्हा पाहा. मोठ्या रात्री आल्या की ‘काही चुकलं असेल तर माफ करा’ हा संदेश एका बोटानं दोनशे जणांना जातो. त्या दोनशेंत ती बहीण असते, पण तिच्या दारी जाऊन कुणी तिच्यापुढे कागद ठेवत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच घरची मोठी माणसं दटावतात, ‘सण आहे, विसरून जा, गळाभेट घे.’ त्यांनी वहशीची गोष्ट आठवावी. इसवी सन ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत वहशीनं प्रेषित मुहम्मद (स.) यांचे लाडके चुलते हमजा यांना भाला फेकून ठार केलं. पुढे तो शरण आला, त्यानं इस्लाम स्वीकारला. प्रेषितांनी सूड घेतला नाही, त्याला आपल्या समाजात जागा दिली. फक्त एकच विनंती केली, की जमलं तर त्यानं त्यांच्या नजरेसमोर येऊ नये. क्षमा केली म्हणून जखम भरून येतेच असं नाही, आणि ती भरलीच पाहिजे असा हट्ट धरण्याचा हक्क कुणालाही नाही.

माइल्सनं लीकडे आपला बाप परत मागितला तर तो देणार कुठून? काही नुकसानी भरून निघतच नाहीत. पण बहिणीचा वाटा, गड्याची अडकलेली मजुरी, शेजाऱ्याचा सरकवलेला बांध या गोष्टी आजही परत करता येतात. त्यासाठी अंगात कसली अचाट शक्ती लागत नाही.

ईद अजून आली नाही. तोवर एक घर गाठायला वेळ आहे.