सभासदाचा पासवर्ड ठाऊक असणे ही सेवा नव्हे

आपल्या भागात सध्या एका गृहस्थांचा मोठा बोलबाला आहे. नागोठण्यापासून कोलाडपर्यंत ज्या पतपेढीला, शाळेला, बचत गटाला 'ऑनलाइन' व्हायचे असेल, त्यांना ते वेबसाइट करून देतात. काम वेळेवर, दर माफक, रंग झगझगीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मध्यंतरी खांब नाक्यावर चार मंडळींसमोर त्यांनी आपले लॉगिनशास्त्र मांडले आणि मंडळींनी माना डोलावल्या. त्या माना डोलल्या नसत्या, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

पूर्वपक्ष असा. पासवर्ड तपासणे ही क्षुल्लक बाब आहे. सभासदाने टाकलेला शब्द आणि डेटाबेसमधला शब्द एकच निघाला तर आत घ्यायचे, नाहीतर परत पाठवायचे. शब्द साठवायचा तो जसाच्या तसा. कारण आपली माणसे विसरतात, विसरली की फोन करतात आणि फोन आला की त्यांना तो सांगता आला पाहिजे. हॅशबिश हे मुंबई-पुण्याचे चोचले; खांबच्या पतपेढीत कोण चोर शिरणार? फारच भीती वाटत असेल तर दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावा, नाहीतर सरळ ओटीपी पाठवा. झाले शास्त्र!

'फोन आला की सांगता आला पाहिजे' हे यातले ब्रह्मवाक्य. बाकीच्या मुद्द्यांना थोडक्यात वाटेला लावता येईल. याचा मात्र सविस्तर समाचार घेतला पाहिजे, कारण हे वाक्य परोपकाराच्या थाटात येते.

लॉगिन असते कशासाठी? अमुक व्यवहार अमुक सभासदानेच केला, दुसऱ्या कोणी नाही, एवढे ठरवण्यासाठी. आता त्या सभासदाचा पासवर्ड वेबसाइट करणाऱ्याला दिसतो, पतपेढीच्या कारकुनाला दिसतो, सर्व्हर भाड्याने देणाऱ्याला हवा तर दिसतो आणि रोज रात्री घेतलेल्या बॅकअपमध्येही पडून असतो. मग ठरले काय? उद्या एखादी बाई म्हणाली, "हा कर्जाचा अर्ज मी भरलेलाच नाही," तर पतपेढी कोणत्या तोंडाने सांगणार की तुमच्याच पासवर्डने भरला आहे? पहिला संशय कारकुनावर जाणार. तो कितीही सचोटीचा असला तरी ती दाखवायला त्याच्या हातात काहीच नाही. म्हणजे ज्या सोयीचे कौतुक चालले आहे, ती सभासदाला, संस्थेला आणि नोकराला, तिघांनाही एकदम अडचणीत आणते.

आणि फोनवर सांगायचे ते कोणाला? 'आम्ही आवाज ओळखतो' हे त्यावरचे उत्तर. वा! पुतण्याने काकांच्या आवाजात बोलू नये असा काही शासन निर्णय निघाला आहे काय? मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या घरांत मोबदल्याच्या पैशांवरून भावाभावांत किती गोडी नांदते, हे या पट्ट्यात कोणाला सांगायला नको. तिथे खात्याची किल्ली आवाजावर देणार!

बरे, तो पासवर्ड एकट्या पतपेढीचा असता तरी एक वेळ चालले असते. पण सामान्य माणसाचा पासवर्ड सगळीकडे एकच असतो. पतपेढीत तोच, ईमेलला तोच, मुलाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला तोच आणि बँकेलाही तोच. त्याची घडणही ठरलेली: गावाचे किंवा मुलाचे नाव, मग '@', मग १२३. माणसांची ही खोड जुनी आहे. बेल प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात ३,२८९ पासवर्ड तपासले होते. त्यांतले ८६ टक्के फारच तोकडे किंवा शब्दकोशात सापडणारे निघाले. तेव्हा एका दुबळ्या वेबसाइटवरून उघडा पासवर्ड गेला, की त्या माणसाची इतर सगळी दारे उघडतात. २००९ च्या डिसेंबरात रॉकयू नावाच्या अमेरिकी कंपनीचे नेमके हेच झाले. तिचा धंदा बँकेचा नव्हता. समाजमाध्यमांसाठी ती खेळ आणि सजावटीच्या गमती बनवायची. सव्वातीन कोटींच्या आसपास पासवर्ड जसेच्या तसे साठवलेले होते, ते तसेच्या तसे बाहेर आले. सर्वांत लाडका होता १२३४५६. ती यादी आजही पासवर्ड फोडणाऱ्यांची पहिली पोथी आहे.

आमच्या गृहस्थांना ही नवी फॅशन वाटते, म्हणून थोडा इतिहास. पासवर्ड जसेच्या तसे ठेवण्याचा प्रयोग एमआयटीच्या सीटीएसएस या यंत्रणेवर १९६० च्या दशकाच्या आरंभीच होऊन गेला. १९६२ साली ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरेना. त्याने पासवर्डची अख्खी फाइल छापून घेतली आणि इतरांच्या नावाने काम उरकले. १९६६ साली त्याच यंत्रणेवर दोन फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड वाचायला मिळाले. पहिल्यात एका विद्यार्थ्याची हुशारी होती, दुसऱ्यात तर कोणाचा वाईट हेतूही नव्हता. उपायही त्याच दशकात निघाला. केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांनी पासवर्डऐवजी त्याचे एकेरी रूपांतर साठवण्याची युक्ती वापरली. म्हणजे खांबला महामार्गाचे चौपदरीकरण ऐकूनही ठाऊक नव्हते, तेव्हा जी पद्धत मोडीत निघाली, ती आज 'आपल्या लोकांसाठी सोपी' म्हणून विकली जात आहे.

'पण साठवलेच नाही तर जुळवणार कसे?' या प्रश्नावर नाक्यावर हशा पिकला होता. उत्तर पेण-रोह्याच्या माणसाला तरी अवघड जाऊ नये. भाताचे पोहे होतात, पोह्यांचा पुन्हा भात होत नाही. सभासदाने पासवर्ड ठरवला की संगणक त्यावर एकेरी प्रक्रिया करतो आणि निष्पन्न, म्हणजे हॅश, तेवढे जपून ठेवतो. पुढच्या वेळी टाकलेल्या शब्दावर तीच प्रक्रिया करून निष्पन्न पडताळतो. मूळ शब्द कोणापाशीच नसतो.

उरलेले मुद्दे झटपट. 'आम्ही एन्क्रिप्ट करू': ज्या सर्व्हरवर कुलूप त्याच सर्व्हरवर किल्ली, शिवाय २०१३ साली अडोबीचे चोरीला गेलेले पासवर्ड एन्क्रिप्ट केलेलेच होते, शेजारी लोकांनी लिहिलेल्या खुणा उघड्या होत्या आणि त्यांवरून कितीतरी ओळखले गेले. 'मग एमडी५ लावू': तो जुना हॅश इतका चपळ आहे की आजचे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासते. 'आमच्याकडे कोण येणार?': हल्ला करणारे प्रोग्राम गावाचे नाव विचारत नाहीत, उघडे दार शोधतात. 'सेवा केंद्रातल्या वहीत सगळ्यांचे पासवर्ड लिहिलेले असतातच की': असतात, आणि तेही वाईटच, पण वही चोरायला निदान नाक्यावर यावे लागते. 'ओटीपी पाठवा': आजींच्या नावाचा मोबाइल धाटावच्या कारखान्यात पाळीला गेलेल्या नातवाच्या खिशात असतो, त्याचे काय?

दरमहा पासवर्ड बदलण्याचा वाद माझा जुना आहे. एका संस्थेच्या सभेत या ठरावाला मी एकट्याने विरोध केला होता आणि मला सुरक्षिततेचा शत्रू ठरवण्यात आले होते. ठराव मंजूर झाला. लोकांनी जूनमध्ये शेवटी ०६ लावले, जुलैत ०७. ज्याला मार्चचा पासवर्ड कळला त्याला वर्षभराचे कळले; सुरक्षिततेचे मित्र मात्र समाधानी होते. ज्या अमेरिकी मानक संस्थेच्या जुन्या मार्गदर्शिकेवरून हे खूळ जगभर पसरले, त्याच संस्थेने, एनआयएसटीने, २०१७ साली ते मागे घेतले: पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावा, आणि मोठे अक्षर-चिन्ह-अंक अशी सक्तीही नको. त्या सभेचे इतिवृत्त अजून दुरुस्त झालेले नाही.

आता मंडन. ते थोडे आहे, कारण करायचे काम खरोखर थोडे आहे. मुद्दाम संथ केलेला हॅश वापरा: आर्गॉन२ किंवा १९९९ पासूनचा बीक्रिप्ट. प्रत्येक सभासदाच्या पासवर्डात हॅश करण्याआधी वेगळा सॉल्ट, म्हणजे चिमूटभर आडाखी नसलेला मजकूर, घाला, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी साठवलेले रूप वेगळे निघेल. लिंक्डइनचे पासवर्ड २०१२ साली चोरीला गेले, तेव्हा त्यांत सॉल्ट घातलेला नव्हता. त्याचे फळ कोट्यवधी लोकांनी भोगले. आमचे गृहस्थ ज्या पीएचपी भाषेत काम करतात, तिच्यात हॅश करणे आणि पडताळणे ही दोन्ही कामे २०१३ पासून प्रत्येकी एका ओळीत होतात, सॉल्टसकट. लागोपाठ चुकीचे प्रयत्न झाले की वेग कमी करा. 'असा सभासद नाही' आणि 'पासवर्ड चुकीचा' असे दोन वेगळे संदेश देऊ नका. तेवढ्यावरून सभासदांची यादी तयार होते. विसरलेल्याला जुना पासवर्ड सांगू नका. कार्यालयात ओळखपत्र दाखवून नवा ठरवू द्या, खांबमध्ये ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आणि मराठी माणसाला मराठीत लांब वाक्याचा पासवर्ड ठेवू द्या. ते लक्षात राहते. मात्र प्रणाली करणाऱ्याने दोन गोष्टी जाणून असाव्यात. 'वाऱ्या'तला ऱ संगणकात दोन प्रकारे लिहिला जाऊ शकतो, म्हणून हॅश करण्याआधी मजकूर एका ठरावीक रूपात आणावा. नाहीतर बरोबर पासवर्डही चूक ठरेल. दुसरे, बीक्रिप्ट फक्त ७२ बाइट वाचतो आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, तीन बाइट घेते. चोविसाव्या चिन्हानंतर काहीही टाकले तरी दार उघडेल. लांब वाक्यासाठी आर्गॉन२ बरा.

कायद्याचीच भाषा कळत असेल तर तीही ऐका. केंद्राच्या २०११ च्या नियमांत संवेदनशील माहितीची यादी आहे आणि तिच्यात पहिलेच नाव पासवर्डचे आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीची वाजवी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्या पतपेढ्यांच्या ठेवी मोजून पाहा.

वाचकांनो, आपल्या संस्थेची परीक्षा तुम्हीच घ्या. कार्यालयात फोन करा आणि पासवर्ड विसरलो म्हणून सांगा. त्यांनी नवा ठरवायला बोलावले तर त्यांचे आभार माना. जुनाच वाचून दाखवला, तर तो जिथे जिथे वापरला आहे तिथे तिथे आजच बदला आणि येत्या वार्षिक सभेत संचालकांना लेखी प्रश्न विचारा.