पोस्टकार्ड व मोहोरबंद लखोटा

एका संगणकावरील फाइल दुसऱ्यावर धाडण्याची ‘एफटीपी’ ही पद्धती १९७१ साली अभय भूषण या भारतीय गृहस्थांनी प्रथम लिहून मांडिली. तीत परवलीचा शब्दसुद्धा पोस्टकार्डावरील मजकुरासारखा उघडा जातो. रत्नागिरीच्या घरातील कुलवृत्तांत परदेशस्थ नातवाकडे धाडणाऱ्या आमच्या वाचकांनी युनिक्सवरील ‘एससीपी’ ही आज्ञा योजावी. ती १९९५ सालच्या ‘एसएसएच’च्या आधारे मजकूर जणू मोहोरबंद लखोट्यातून नेते. १९९६ ची ‘आरसिंक’ केवळ बदललेला भागच पाठविते; मात्र तिला ‘डिलीट’ची जोड दिल्यास, मूळ स्थळी नसलेल्या फाइली पलीकडच्या प्रतीतूनही पुसल्या जातात. तेव्हां आधी ‘ड्राय-रन’ने रंगीत तालीम पाहावी, असे आमचे सांगणे आहे. पुसलेली वंशावळ पुन्हा सांगणारे वडीलधारे आता घरोघरी उरलेले नाहीत.