पाहून झालेला प्रयोग

आठवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ नावाचा धडा आहे. त्याचे नाव मोबाइलवर टाइप करून शोधले की समोर येतो तो मुख्यतः ‘स्वाध्याय’. रिकाम्या जागा भरलेल्या, जोड्या लावलेल्या, शास्त्रीय कारणेही लिहून ठेवलेली. वहीत उतरवायचे आणि मोकळे व्हायचे. पूर्वी हे काम गाइडे करीत आणि त्यांच्यासाठी निदान पैसे तरी मोजावे लागत. सहावी ते आठवीच्या मुलांपर्यंत विज्ञानाचे ‘ऑनलाइन साहित्य’ म्हणून जे सहज पोहोचते ते हे असे आहे. त्याचा दोष मुलांना देण्यात अर्थ नाही. वही तपासणाऱ्याला उत्तर हवे असते, ते ती आणून देतात.

यापेक्षा चांगले काही उपलब्धच नाही, असे असते तर गोष्ट वेगळी. पण या बाबतीत दुष्काळ नाही. ‘दीक्षा’ हे केंद्र सरकारचे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले आणि बालभारतीच्या पुस्तकांवर त्याचे क्यूआर कोड आले. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात, नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाची आभासी प्रयोगांची साधने फुकट आहेत आणि त्यांतील अनेक मराठीतही आहेत. पुण्याच्या ‘आयुका’तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून बनवलेली शेकडो खेळणी त्यांच्या संकेतस्थळावर आहेत, सोबत मराठी पुस्तकेही. एवढा खजिना हाताशी असताना आपली मुले जोड्या लावण्याची तयार उत्तरे शोधत बसतात, हे कशाचे लक्षण आहे?

विजेचा तो एकच धडा घेऊ. ‘फेट’वर मंडल जोडण्याचे एक साधन आहे. सेल, तारा, बल्ब, स्विच बोटाने ओढून आणायचे आणि जोडायचे. मंडल पूर्ण झाले की तारेतून निळे ठिपके सरकू लागतात, हे इलेक्ट्रॉन. बल्ब विद्युतधारा ‘खाऊन टाकतो’, सेलमधून निघालेली सगळी धारा परत येत नाही, असा बहुतेक मुलांचा समज असतो. खरे तर पुष्कळ मोठ्यांचाही असतो. फळ्यावरच्या आकृतीने तो जात नाही. इथे बल्बच्या अलीकडे अ‍ॅमीटर लावा, मग पलीकडे लावा, आकडा तोच. दुसरा बल्ब एकसर जोडला की दोन्ही मंदावतात, समांतर जोडला की दोन्ही आधीइतकेच उजळ राहतात. सेलची दोन टोके नुसत्या तारेने जोडली तर पडद्यावर चक्क ज्वाळा उठतात. नाणे, पेन्सिल, खोडरबर मध्ये घालून बघण्याचीही सोय आहे. ‘आता काय होईल ते आधी सांगा’ एवढे एक वाक्य शिक्षकांनी उच्चारले तरी वर्गात वाद सुरू होतो, आणि त्या वादाइतके मोलाचे दुसरे काही विज्ञानाच्या तासाला घडत नाही.

मात्र पडद्यावरची तार कधी सैल होत नाही आणि तिथला सेल कधी उतरत नाही. त्यासाठी हाताने करायचा प्रयोग लागतो. अरविंद गुप्तांची छोटी मोटर बनवायला एक सेल, दोन सेफ्टी पिना, रबरबँड, लहानसा चुंबक आणि इनॅमलचा मुलामा असलेली तांब्याची तार पुरते. अशी तार गावातल्या मोटर वाइंडिंगवाल्याकडे मिळते. तारेचे वेटोळे करून त्याची दोन टोके पिनांच्या भोकांत टेकवायची. पण टोकांवरचे इनॅमल सगळीकडून खरवडायचे नसते, एका बाजूला थोडे ठेवायचे असते. ज्याने सगळे खरवडले त्याचे वेटोळे नुसते थरथरते. कारण अर्ध्या फेरीनंतर त्यावर बल उलट दिशेने लागते; तेवढ्या वेळात धारा तुटली तरच ते गती कायम ठेवून फिरत राहते. या कृतीची चित्रफीत पाहून ‘समजले’ म्हणणारी मुले आणि हातातले वेटोळे का फिरत नाही म्हणून अर्धा तास झटणारी मुले, यांत विज्ञान कोण शिकले हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही. चित्रफितीचा उपयोग आहे, पण हात अडल्यावर.

आपल्याकडे उलटे झाले. पडद्यावर दाखवला की प्रयोग ‘झाला’. महाराष्ट्रात आकारिक मूल्यमापनात प्रात्यक्षिक किंवा प्रयोग असा स्वतंत्र रकाना असतो. तो भरला जातोच. प्रयोग कोणी, कोणत्या साहित्याने केला, हे विचारले जात नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी विज्ञान आणि गणित मिळून किमान एक शिक्षक हवा, आणि अनेक लहान शाळांत हे दोन्ही विषय सांभाळणारे ‘सर’ किंवा ‘बाई’ एकच असतात. शिवाय निवडणुकीची कामे आणि सर्वेक्षणे. त्यांच्या फोनवरचा मोठा ‘ऑनलाइन’ उद्योग शाळेची माहिती भरून वर पाठवण्याचा आहे. सात-आठ संकेतस्थळे धुंडाळून त्यातून पाठाला साजेसे काही निवडावे, अशी अपेक्षा त्यांच्याकडून करणे हा कोडगेपणा आहे.

मग हे साहित्य थेट मुलांच्या फोनवर सोडून द्यावे का? ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालासाठी २०२४ मध्ये झालेल्या ग्रामीण भारताच्या पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी वापरणारे होते ७६ टक्के. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा राज्यभर त्याचे कौतुक झाले. एकीकडे भोंगा आणि दुसरीकडे ‘घरी जाऊन लिंक बघा’, हे दोन्ही एकाच वेळी चालणार नाही. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी असे साहित्य वर्गातल्या एका मोठ्या पडद्यावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली हवे. ‘फेट’ची साधने उतरवून घेतली की इंटरनेटशिवायही चालतात. लोकवर्गणीतून किंवा ग्रामपंचायतीच्या निधीतून आलेले प्रोजेक्टर आणि टीव्ही ज्या शाळांत कुलूपबंद आहेत, तिथे ते बाहेर काढण्याचे हेच निमित्त ठरू शकते.

उरला प्रश्न निवड कोणी करायची. राज्यात २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम आला आणि तो टप्प्याटप्प्याने वर सरकतो आहे. सहावी ते आठवीची नवी पुस्तके होतील तेव्हा त्यांच्यावर पुन्हा क्यूआर कोड छापले जातील. त्यामागे धड्याचे पुन्हा एकदा वाचन करणारी चित्रफीत ठेवायची की हाताने करायचा एक प्रयोग, एक आभासी साधन आणि त्यावर वर्गात विचारायचा एक नेमका प्रश्न ठेवायचा, हे आताच ठरवता येते. त्यासाठी माणसे शोधत बाहेर जायला नको. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, पुण्याची विज्ञान शोधिका, १९६६ पासून काम करणारी मराठी विज्ञान परिषद ही सगळी याच राज्यात आहेत. ‘फेट’च्या साधनांची जी मराठी भाषांतरे स्वयंसेवकांनी केली आहेत त्यांतली परिभाषा पाठ्यपुस्तकाशी जुळवून घेण्याचे कामही त्यांना सांगता येईल. यासाठी लागणारा पैसा एखाद्या नव्या अ‍ॅपच्या उद्घाटन सोहळ्याच्या खर्चातून निघावा.

शिक्षण खात्याने तूर्त नवे अ‍ॅप काढू नये. बालभारतीने धड्यागणिक प्रयोग, आभासी साधन आणि प्रश्न यांची यादी करावी, ती प्रत्येक शाळेच्या संगणकावर उतरवून द्यावी आणि सेफ्टी पिना, सेल व तांब्याच्या तारेसाठी शाळांना वर्षाला थोडी रोख रक्कम द्यावी, तीही पावत्यांसाठी छळ न करता.